लंडनची उमेदवारी, कर्जतचा घाट

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्थानकात शिरली की थोडा वेळ विसावते. नेहमीचे प्रवासी चहासाठी फलाटावर उतरतात. बटाटेवड्याच्या टोपल्यांभोवती गर्दी होते. समोर सह्याद्रीची भिंत उभी असते आणि पावसाळ्यात तिच्यावरून पांढऱ्या धारा उतरत असतात. या गडबडीत गाडीच्या अगदी मागच्या टोकाला एक काम चाललेले असते, त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. तेथे आणखी इंजिने येऊन गाडीला जोडली जातात. डब्यांना एक हलका धक्का बसतो आणि जुना प्रवासी ओळखतो, आता घाट सुरू होणार.

बोरघाटाची चढण काही ठिकाणी सदतिसास एक इतकी आहे. म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना गाडीला एक फूट वर चढावे लागते. कागदावर हे प्रमाण किरकोळ वाटते. लोखंडी रुळांवर लोखंडी चाके असलेल्या जड गाडीला मात्र ते एकट्या इंजिनाच्या बळावर झेपत नाही. म्हणून मागून ढकलणारी इंजिने लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा असा सारा चढ ती गाडीला मागून रेटतात. लोणावळ्याला त्यांना सोडवून घेतले जाते आणि पुढे पुण्यापर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनावर धावते. अलीकडच्या काही गाड्यांना या मदतीची गरज उरलेली नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या या घाटाने शिकवलेला धडा एकच आहे: पुढचे इंजिन कितीही जोमदार असले, तरी चढावर मागून कोणीतरी लागते.

हा धडा आज अनेक व्यापारी घरांच्या दारात वेगळ्या रूपाने उभा आहे. आडत, कापड, सराफी, औषधे अशा व्यवसायांत दोन-तीन पिढ्या स्थिरावलेल्या घरातील मुलगा किंवा मुलगी एके दिवशी सांगते, की तिला चित्रपटाचे संकलन शिकायचे आहे, त्याला वास्तुरचना किंवा रेखाटन करायचे आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या स्टुडिओत काही महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. पगार नाही, किंवा असला तर खोलीचे भाडेही निघणार नाही इतका आहे. वडील चष्मा काढून विचारतात, “यातून मिळणार काय?”

प्रश्न अगदी रास्त आहे. तो विचारणारा माणूस कलेचा शत्रू ठरत नाही. ज्याने आयुष्यभर मुद्दल सांभाळले, त्याने तो विचारलाच पाहिजे. इंटर्नशिप हा शब्द नवा असला, तरी ती गोष्टही या घरांना नवी नाही. मराठीत तिला ‘उमेदवारी’ म्हणतात. मामाच्या किंवा परक्याच्या पेढीवर बसून, सुरुवातीला झाडलोट आणि टपाल सांभाळून, हळूहळू खतावणीपर्यंत पोचणारी मुले या समाजाने कितीतरी पाहिली आहेत. त्या उमेदवारीत पगार महत्त्वाचा नसे. कोणाच्या हाताखाली बसायला मिळते, हे महत्त्वाचे असे. प्रश्न उरतो तो इतकाच, की पेढी परदेशात असेल आणि माल डोळ्यांना दिसणारा नसेल, तर हिशेब कसा मांडायचा?

या हिशेबाचे एक जुने आणि पुरते नोंदलेले उदाहरण याच लोहमार्गाच्या आसपास घडले आहे.

घाटमाथ्यावरचा कारागीर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या घाटातून ये-जा करणाऱ्यांत धुंडिराज गोविंद फाळके नावाचे एक गृहस्थ होते. जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, छायाचित्रण, ठसे बनवणे, जादूचे प्रयोग अशा अनेक विद्या हातात होत्या. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचा स्टुडिओ काढला होता. प्लेगने तेथे त्यांच्या पहिल्या पत्नीचा आणि मुलाचा घास घेतला. पुढे काही वर्षे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली.

लोणावळ्याच्या पुढे मळवली हे छोटे स्थानक आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला शिळाप्रेसचा छापखाना पुढे मळवलीला हलवण्यात आला होता. घरोघरच्या भिंतींवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी तेथे छापल्या जात. त्या छापखान्याची मालकी पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली. फाळके या छापखान्यासाठी छपाईचे ठसे तयार करून देत. लोणावळ्यात त्यांनी स्वतःचाही छापखाना उभारला. भागीदार बदलले, नाव बदलून ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले आणि छापखाना मुंबईला आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली फाळके जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि चालता धंदा सोडून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. त्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती.

त्या काळचा बोरघाट आजच्यापेक्षा अवघड होता. १८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गावर खंडाळ्याजवळ गाडी कड्याच्या टोकाशी थांबे. इंजिन एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला लावत आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. ही उलटापालट १९२९ पर्यंत चालू होती. ती संपवणाऱ्या नव्या मार्गाचे बोगदे खोदण्याच्या कामात सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांचा मोठा वाटा होता. परंतु फाळके प्रवास करीत होते त्या काळात प्रत्येक गाडीला एकदा तोंड फिरवूनच वर जावे लागे. चाळिसाव्या वर्षी छापखाना सोडून नवी विद्या शिकायला निघालेल्या माणसाची स्थितीही काही वेगळी नव्हती.

विमापत्रांवरचे कर्ज

एप्रिल १९११ मध्ये, ईस्टरच्या सुमारास, गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते. दुसऱ्या खेळाला ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. त्यानंतरचे वर्ष त्यांनी या एका वेडात घालवले. मिळतील तेथून सूचिपत्रे आणि पुस्तके मागवली. लंडनहून निघणाऱ्या ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार झाले. रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करणे असा क्रम होता. झोप जेमतेम तीन तासांची. परिणामी डोळे इतके बिघडले की दृष्टी जाण्याची वेळ आली. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचाराने आणि एकामागून एक बदललेल्या चष्म्यांनी ती वाचली.

एवढे झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की पुस्तकातून मिळायचे तेवढे मिळाले आहे. चित्रपट कसा तयार होतो हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर लंडनला जावे लागेल. त्यासाठी पैसा हवा. तारण ठेवायला जमीन नव्हती, इमारत नव्हती, चालता धंदाही नव्हता. त्याच सुमारास याच डोंगरांत टाटांची जलविद्युत योजना आकार घेत होती. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधली जात होती आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्या योजनेला भारतीय भांडवलदारांनी हात दिला होता. पाणी, उंची, नळ आणि ग्राहक या गोष्टी दाखवता येत होत्या. फाळके यांच्यापाशी मात्र दाखवण्यासारखे काही नव्हते.

होती ती आयुर्विम्याची विमापत्रे, एकूण बारा हजार रुपयांची. यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस या स्नेह्यांच्या साहाय्याने ती गहाण पडली आणि दहा हजार रुपये उभे राहिले. कुटुंबप्रमुखाच्या मागे बायकामुलांचा निर्वाह व्हावा यासाठी काढलेले ते विमे होते. ज्यांच्या भवितव्यासाठी ते होते, त्या सरस्वतीबाईंनी या व्यवहाराला हरकत घेतली नाही. चढावर मागे लागणारे इंजिन कसे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

लंडनमध्ये काय मिळाले

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके बोटीत बसले. लंडनमध्ये त्यांची कोणाशी ओळख नव्हती. पिकॅडिली भागात फिरताना त्यांना ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी दिसली. घरी ज्याची वर्गणी भरली होती, त्याच साप्ताहिकाचे हे कार्यालय. आत जाऊन त्यांनी संपादक केबर्न यांची भेट घेतली. आपण वर्गणीदार आहोत आणि हिंदुस्थानात चित्रपट काढण्याच्या इराद्याने आलो आहोत, असे सांगितले. केबर्न यांनी त्यांना प्रथम परावृत्तच केले. या धंद्यात खुद्द इंग्लंडमध्ये अनेकांचे हात पोळले आहेत, शिवाय हिंदुस्थानची हवा या कामाला मानवणार नाही, असा त्यांचा सल्ला होता. पण समोरचा माणूस हटत नाही आणि त्याची तयारी पुरती आहे, हे पाहिल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली.

हेपवर्थ हे इंग्लंडमधील आद्य चित्रपटकारांपैकी एक. लंडनबाहेर वॉल्टन-ऑन-टेम्स येथे त्यांचा स्टुडिओ होता. त्यांनी फाळके यांना आपल्या स्टुडिओचे सर्व विभाग पाहू दिले आणि चित्रीकरणाचे प्रात्यक्षिकही दाखवले. फिल्म धुणे, सुकवणे, जोडणे, छापणे ही सगळी कामे तेथे डोळ्यांसमोर चालली होती. फाळके यांनी या दिवसांबद्दल पुढे ‘नवयुग’ मासिकात स्वतःच लिहिले. त्या लेखांमुळे आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही ही उमेदवारी इतकी स्पष्ट दिसते.

केबर्न आणि हेपवर्थ यांच्या सल्ल्याने त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला. फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणारे यंत्र आणि कोडॅकची कोरी फिल्म यांची मागणी नोंदवली आणि ते परतीच्या बोटीत बसले. १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत पोचले आणि त्याच दिवशी त्यांनी ‘फाळके फिल्म्स कंपनी’ स्थापन केली.

व्यापारी दृष्टीने हा हिशेब पाहण्यासारखा आहे. त्या काळी एका पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे कॅमेऱ्याची किंमत साडेसातशे रुपये झाली, कर्जाऊ रकमेच्या साडेसात टक्के. निघण्यापासून परतण्यापर्यंतचा अवधी दोन महिन्यांचा. जाण्यायेण्याचा बोटीचा काळ वजा केला तर प्रत्यक्ष लंडनच्या वाट्याला काही आठवडेच आले. इतक्या थोड्या काळात एवढे हाती लागले, याचे कारण लंडनमध्ये शोधण्यात अर्थ नाही. ते निघण्याआधीच्या वर्षभरात आहे. जो वर्षभर वाचून, पाहून, प्रयोग करून, डोळे शिणवून गेला होता, त्याला काय विचारायचे हे ठाऊक होते. परदेशात जाऊन शोधाशोध करणाऱ्याला सहा महिनेही अपुरे पडतात. नेमका प्रश्न घेऊन जाणाऱ्याला दोन आठवडे पुरतात.

वाटाण्याचा वेल

परत आल्यावर फाळके यांनी लगेच मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. येथे त्यांच्यातला व्यवहारी माणूस दिसतो. यंत्रे येऊन पोचल्यावर त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे महिनाभर टिपली. पडद्यावर हा वेल मिनिटभरात उगवून वाढताना दिसे. हा छोटा चित्रपट त्यांनी निवडक लोकांना दाखवला. तो पाहून नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी पुढच्या कामासाठी कर्ज देऊ केले. लंडनहून काय आणले, याचा पुरावा आता हातात होता. नमुना दाखवूनच माल विकावा, हे तर प्रत्येक पेढीवर शिकवले जाते.

मग सरस्वतीबाईंचे काम सुरू झाले. छिद्रे पाडणाऱ्या यंत्रावर अंधारात फिल्म तयार करणे, रसायने मिसळणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि दादरच्या घरात जमलेल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सर्व त्यांनी सांभाळले. त्यांचे दागिनेही या कामी आले. लंडनला एकटे फाळके गेले होते, पण त्यांनी आणलेली विद्या घरात दोघांनी वाटून घेतली.

चित्रपटासाठी कथा निवडली ती राजा हरिश्चंद्राची. दिलेला शब्द पाळण्यासाठी आणि दक्षिणेचे ऋण फेडण्यासाठी राज्य, पत्नी, पुत्र आणि शेवटी स्वतःलाही विकणाऱ्या राजाची ही कथा. विमापत्रे गहाण ठेवलेल्या माणसाने आपल्या पहिल्या चित्रपटासाठी ऋण फेडण्याची कथा घ्यावी, यात योगायोग किती आणि मनातले किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बाह्यचित्रीकरणासाठी त्यांनी आपली मंडळी कर्जतच्या वाटेवर आणली. बदलापूर सोडून गाडी नेरळकडे निघाली, की मध्ये वांगणी लागते. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत आणि सकाळच्या लोकलला पाय ठेवायला जागा नसते. १९१२ साली ते डोंगरपायथ्याचे एक लहानसे गाव होते. ढाली, भाले, तलवारी घेतलेली माणसे गावात उतरलेली पाहून लोक घाबरले. हे दरोडेखोरच, असे वाटून त्यांनी पाटलांना वर्दी दिली. पाटील आणि फौजदार आले. आम्ही चित्रपटाचे लोक आहोत, हे म्हणणे त्यांना पटेना, कारण चित्रपट कसा तयार होतो हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. सगळ्यांना अटक झाली.

बातमी कळताच फाळके धावत आले. त्यांनी वाद घातला नाही. कॅमेरा उभा केला, नटांना एक प्रसंग करायला सांगितला आणि कॅमेऱ्यात फिल्म न घालताच चित्रीकरण कसे करतात ते पाटलांना आणि फौजदारांना दाखवले. खात्री पटली आणि मंडळी सुटली. काही महिन्यांपूर्वी वॉल्टनमध्ये हेपवर्थ यांनी जे प्रात्यक्षिक फाळके यांना दाखवले होते, तेच त्यांनी वांगणीच्या रानात गावकऱ्यांना दाखवले. परदेशी शिकलेली विद्या खऱ्या अर्थाने आपली झाली, ती त्या क्षणी. जे आपल्या गावच्या पाटलाला समजावून सांगता येते, तेच आपण खरोखर शिकलो, असे म्हणता येईल.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी प्रदर्शित झाला आणि त्याने चांगले यश मिळवले. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. ज्यांच्याकडे उमेदवार म्हणून गेले होते, त्या हेपवर्थ यांनीच त्यांना इंग्लंडमध्ये राहून चित्रपट काढण्याचे निमंत्रण दिले. पगार आणि नफ्यात वाटा देऊ केला. फाळके परत आले. हा धंदा आपल्या देशात रुजावा, यासाठी ते मुळात गेले होते.

खालापूरचे राजवाडे

कर्जतहून चौककडे जाणारा रस्ता खालापूर तालुक्यात शिरतो. पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंना भाताची खाचरे पिवळी होत असतात आणि एका अंगाला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. या वाटेवर हातनोली येथे एकाएकी मोगली धाटणीच्या कमानी आणि तट दिसू लागतात. हा कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेला एन. डी. स्टुडिओ. ‘जोधा अकबर’चे राजवाडे येथे उभे राहिले. ‘राजा शिवछत्रपती’ ही मराठी मालिकाही देसाई यांचीच निर्मिती. परिसरातील कितीतरी सुतार, रंगारी, शिवणकाम करणारे आणि साचेकाम करणारे कारागीर अशा कामांवरच घडतात. वांगणीच्या रानात अटक झालेल्या त्या मंडळींनंतर शतकाच्या आतच त्याच डोंगररांगांच्या सावलीत चित्रपटाचे एक गाव वसले.

देसाई यांची उमेदवारी परदेशात झाली नाही. मुंबईत कला शिकलेल्या या दापोलीच्या मुलाने कलादिग्दर्शक नितीश रॉय यांच्या हाताखाली, ‘तमस’ मालिकेच्या कामात साहाय्यक म्हणून सुरुवात केली. पुढे कलादिग्दर्शनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. व्ही. शांताराम यांचेही असेच. कोल्हापूरच्या या मुलाचे वडील जैन. काही काळ हुबळीच्या रेल्वे कारखान्यात राबल्यावर बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी पडेल ते काम करीत विद्या मिळवली. ‘सैरंध्री’ या रंगीत चित्रपटाच्या कामासाठी १९३३ साली ते जर्मनीला गेले, तेव्हा मागे एका तपाहून अधिक कामाचा अनुभव होता. यावरून इतके दिसते, की परदेश ही उमेदवारीची अट नाही. जी विद्या येथे मिळत नाही, तिच्यासाठी तेथे जावे. फाळके यांना येथे गुरू नव्हता, म्हणून ते गेले.

हातनोलीच्या त्या कमानींपाशी मात्र पाहणाऱ्याचे मन जड होते. कंपनीवर कर्जवसुलीची कायदेशीर कार्यवाही सुरू असतानाच २ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन देसाई यांनी याच स्टुडिओत जगाचा निरोप घेतला. माणसाच्या मनात शेवटी काय असते, हे हिशेबाच्या वहीत उमटत नाही, म्हणून त्याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. स्टुडिओची व्यवस्था पुढे राज्य शासनाच्या चित्रपट महामंडळाकडे आली. त्या जागी उभे राहिल्यावर एवढे मात्र जाणवते, की घरातील कलावंत मुलाला पैसा देणे हे कुटुंबाचे अर्धेच काम आहे. धंदा बसला तरी घराचे दार उघडे आहे आणि आकडा कितीही मोठा असला तरी माणसापेक्षा मोठा नाही, हे त्याला वेळीच आणि पुन्हा पुन्हा सांगणे हे उरलेले अर्धे काम. व्यापारी घरांनी मंदी, आग, दिवाळे सारे पाहिलेले असते. त्यातून सावरण्याची ही शिकवण त्यांच्याइतकी दुसरे कोणी देऊ शकत नाही.

लोणावळ्याला सुटणारे इंजिन

फाळके यांची कहाणीही सुखान्त नाही. १९१८ साली काही व्यापाऱ्यांच्या भागीदारीत नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भांडवल भागीदारांचे, कसब फाळके यांचे. खर्च आणि अधिकार यांवरून मतभेद झाले आणि ते काशीला निघून गेले. पुढे परतले, काम केले, पण बोलपटाच्या काळाने त्यांना मागे टाकले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचा अंत झाला, तेव्हा आर्थिक ओढाताण होती आणि जगाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ सालापासून सुरू झाला. दहा हजारांच्या त्या कर्जातून एक उद्योग जन्माला आला, असंख्य घरांच्या चुली पेटल्या. पण त्याचे व्याज कर्ज काढणाऱ्याच्या पदरात पडले नाही.

म्हणूनच “यातून मिळणार काय?” या वडिलांच्या प्रश्नाला हमखास उत्तर नाही. ते आहे असे सांगणारा मनुष्य फसवणूक करतो. पण त्या प्रश्नाच्या आधी विचारता येतील असे काही प्रश्न फाळके यांच्या त्या दोन महिन्यांनी शिकवले आहेत. मुलाने किंवा मुलीने निघण्यापूर्वी स्वतःच्या बळावर काय शिकून घेतले आहे? जेथे जायचे, तेथे नेमके कोणाच्या हाताखाली बसायला मिळणार आहे? ती विद्या खरोखर आपल्या देशात मिळत नाही का? मुक्काम किती दिवसांचा आणि खर्चाची शेवटची मर्यादा कोणती? आणि परतल्यावर पहिला ‘वाटाण्याचा वेल’ कोणता दाखवणार? मोठ्या कर्जाला हात घालण्यापूर्वी असा लहानसा नमुना दाखवण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्यामागे उभे राहायला हरकत नाही. घर गहाण टाकू नये, पण मर्यादा आखून घेतलेली एक रक्कम बुडाली तरी चालेल अशा मनाने द्यावी. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेवर तिच्या शिक्षणाचा हक्क पहिला, असे म्हणणारी घरेही आता वाढत आहेत. सरस्वतीबाईंना त्याचे नवल वाटले नसते.

संध्याकाळी कर्जतच्या फलाटावर उभे राहिले, की लोणावळ्याहून मोकळी परतणारी बँकर इंजिने दिसतात. ज्या गाडीला त्यांनी वर नेले, ती एव्हाना दूर गेलेली असते. पुण्याला उतरणाऱ्या प्रवाशांपैकी क्वचितच कोणाला त्यांची आठवण होते. इंजिने रुळ बदलून बाजूला जातात, थोडा वेळ थांबतात आणि पुढची गाडी आली की पुन्हा तिच्या मागे जाऊन लागतात.